वाचक विचारतात : बाप्तिस्म्याचं योग्य वय कोणतं?

या महिन्याच्या टपालात बाप्तिस्म्यावरची, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती मंडळीत सामील करून घेण्याच्या विधीवरची, पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. उत्तरं वाचण्याआधी मी कुठल्या बाजूची ते सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी शोधत बसायला नको. माझा बाप्तिस्मा मी तान्ही असताना झाला. पुढे मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, दृढीकरणाचा वर्ग (तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्या मुलांना आपला विश्वास स्वतः कबूल करायला तयार करणारा) बरीच वर्षं घेतला. नवरा मात्र विसाव्या वर्षी, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करून, पाण्यात पूर्ण बुडून बाहेर आलेला. हा वाद आमच्याकडे लग्नाच्या आधीपासून चालू आहे आणि तो मिटेल असं दोघांनाही वाटत नाही.

प्रश्न : ताई, आमची मुलगी चार महिन्यांची आहे. सासरच्या मंडळीत तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देतात. माहेरच्या मंडळीत बाळाचं फक्त समर्पण करतात (प्रार्थना करून देवाच्या हाती सोपवतात) आणि बाप्तिस्मा मोठेपणी. सासूबाई म्हणतात, आणखी उशीर नको. आई म्हणते, बायबलमध्ये एका तरी बाळाचा बाप्तिस्मा दाखवा. दोघी माझ्या तोंडाकडे बघतात. योग्य वय कोणतं ते एकदाचं सांगून टाका. – एक आई

उत्तर : आधी तुमच्या आईंचं घेते, कारण त्यांचा मुद्दा रास्त आहे. नव्या करारात तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्याचा एकही स्पष्ट प्रसंग नाही. वयाचा आकडा तर कुठेच नाही. पेंटेकॉस्टच्या सणाच्या दिवशी येशूचा शिष्य पेत्र याचं बोलणं ऐकून सुमारे ३००० माणसांनी बाप्तिस्मा घेतला, ती ऐकून समजणारी माणसं होती. रथात बसून यशया वाचणारा कूश या आफ्रिकी देशाचा अधिकारी फिलिप्प नावाच्या प्रचारकाला विचारतो, हे पाणी आहेच, मग मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे? तोही मोठा, वाचता येणारा माणूस.

पण सासूबाईंनी उलट विचारायलाही हरकत नाही. ख्रिस्ती आईबापांच्या पोटी जन्मलेलं मूल मोठं झालं आणि मग त्याने बाप्तिस्मा घेतला, असा तरी एक प्रसंग नव्या करारात आहे का? तोही नाही. ते सगळं लेखन पहिल्या पिढीचं. नव्याने विश्वासात आलेल्यांची हकिकत त्यात आहे. त्यांच्या मुलांचं पुढे काय केलं हे सांगायला कुणी थांबलेलं नाही. मधे येतात ती घराणी. फिलिप्पैची लुदिया आणि तिचं घराणं, तिथल्याच बंदिशाळेचा नायक आणि त्याची सगळी माणसं, करिंथातलं स्तेफनाचं घराणं. या घरांत पाळण्यातलं मूल होतं का? एक पक्ष म्हणतो, असणारच. दुसरा म्हणतो, नायकाच्या घरातल्या सगळ्यांना आधी वचन ऐकवलं असं तिथेच लिहिलंय. आणखी खोदलं तर पहिला पक्ष नव्या करारातलं कलस्सैकरांस पत्र उघडतो, जिथे प्रेषित पौल सुंता आणि बाप्तिस्मा शेजारी शेजारी ठेवतो; आणि यहुदी मुलाची सुंता तर आठव्या दिवशी व्हायची. दुसरा मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटाकडे बोट दाखवतो: आधी 'विश्वास धरतो', मग 'बाप्तिस्मा घेतो'. मजकूर दोघांनाही पूर्ण सुख देत नाही.

मग सुरुवातीच्या मंडळ्यांनी काय केलं? इथे मला खरी गंमत वाटते, कारण तुमच्या घरातलं भांडण १८०० वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात जसंच्या तसं सापडतं. सन २०० च्या सुमारास तिथल्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने बाप्तिस्म्यावर लिहिलं आणि लहान मुलांना घाई करू नका असं बजावलं. विरोध करायचा तर ती रीत आधी चालू असावी लागते, म्हणजे मुलांना बाप्तिस्मा दिला जात होता हे त्याच्याच विरोधातून कळतं. त्याने अविवाहितांनाही थांबायला सांगितलं होतं, हे मात्र त्याचा दाखला देणारे सहसा सांगत नाहीत. पुढे साधारण सन २५३ मध्ये त्याच कार्थेजात बिशप सिप्रियन आणि त्याच्यासोबतचे मिळून ६६ बिशप बसले. त्यांच्यापुढे फिडस नावाच्या बिशपाची शंका होती: सुंतेसारखा बाप्तिस्माही आठव्या दिवसापर्यंत थांबवावा का? उत्तर आलं, आठ दिवसही थांबायची गरज नाही. शहर तेच, मधे जेमतेम पन्नास वर्षं.

चौथ्या शतकात वारं पुन्हा फिरलं. बाप्तिस्म्याने आधीची पापं धुतली जातात, मग नंतर केलेल्यांचं काय, या भीतीने लोक तो लांबवू लागले. सम्राट कॉन्स्टंटाइनने तो ३३७ मध्ये मरणाच्या दारात घेतला. नाझियांझचा ग्रेगरी तर बिशपाचा मुलगा, तरी त्याचा बाप्तिस्मा मोठेपणीच झाला. या ग्रेगरीने ३८१ मध्ये एक मधला तोडगा सुचवला: जिवाला धोका असेल तर तान्ह्या बाळालाही लगेच द्या, नाहीतर साधारण तीन वर्षांपर्यंत थांबा, म्हणजे मुलाला चार शब्द ऐकता येतील, काही उत्तर देता येईल. तीन वर्षांच्या मुलाशी ज्याचा रोजचा संबंध आहे त्याला हे वाचून हसू येईल, पण संपूर्ण इतिहासात कुणी सरळ आकडा सांगितल्याचं हे एक ठळक उदाहरण आहे.

ऑगस्टीन या थोर ख्रिस्ती विचारवंताचं तर घरचंच. लहानपणी पोटदुखीने तो इतका आजारी पडला की त्याने स्वतः बाप्तिस्मा मागितला. आई मोनिकाने तयारी चालवली, तेवढ्यात त्याला बरं वाटलं आणि सगळं पुढे ढकललं गेलं. ते ढकलणं लांबत लांबत ३८७ सालच्या ईस्टरच्या रात्रीपर्यंत गेलं. मिलान शहरात बिशप अँब्रोजने त्याला बाप्तिस्मा दिला तेव्हा तो ३२ वर्षांचा होता, आणि त्याच रात्री त्याचा पंधराएक वर्षांचा मुलगा अदेओदातुसही पाण्यात उतरला. बाप आणि लेक एकाच रात्री! 'अजून बाप्तिस्मा झालेला नाही ना, मग करू दे त्याला हवं ते' असं लोक म्हणायचे, याची तक्रार त्याने पुढे लिहून ठेवली. तान्ह्या बाळांच्या बाप्तिस्म्याला जन्मजात पापाच्या शिकवणीचा भक्कम आधार दिला तो याच माणसाने, आणि पश्चिमेकडे मग ती रीत हजारभर वर्षं जवळजवळ निर्विवाद राहिली.

ती मोडली १५२५ च्या जानेवारीत. झुरिकमध्ये एका घरात कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला, म्हणजे तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्या प्रौढ माणसाला, पुन्हा बाप्तिस्मा दिला. दोन वर्षांत त्यांच्यातल्या फेलिक्स मांझला नगरसभेने लिमाट नदीत बुडवून मारलं. तुमच्या आईंची मंडळी ज्या विचाराची आहे, त्यासाठी माणसांनी जीव दिलेत. सासूबाईंना हे माहीत असलेलं बरं. आणि लूथर, कॅल्विन या धर्मसुधारकांनी एवढी उलथापालथ करूनही तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा सोडला नाही, हे तुमच्या आईंना.

आता तुमच्या घरात यायचं. टर्टुलियनच्या आक्षेपांपैकी एक मला आजही बिनतोड वाटतो. तो म्हणतो, बाळाच्या वतीने वचन देणारे लोक आपलं वचन पाळण्याआधी मरू शकतात, आणि मूलही वेगळ्याच वाटेला लागू शकतं. बाळ बोलत नाही. दुसरं कुणीतरी बोलतं. ते कोण, आणि पुढची पंधरा वर्षं ते काय करणार आहे? कॅथलिक चर्चचा कायदासुद्धा इथेच बोट ठेवतो. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत बाप्तिस्मा द्यावा असं तो आईबापांना सांगतो; पण निदान एका पालकाची संमती हवी आणि मूल त्या विश्वासात वाढवलं जाईल अशी सबळ आशा हवी, ती अजिबात नसेल तर बाप्तिस्मा पुढे ढकलावा, असंही सांगतो. म्हणजे जिथे घाई सर्वांत जास्त, तिथेही घाईला अट आहे.

तुमच्या पत्रात सासूबाई आहेत, आई आहे, तुम्ही आहात, मुलगी आहे. नवरा कुठेच नाही. मला उत्तर देण्याआधी त्यांच्याशी बोला. दर रविवारी तुम्ही दोघं कुठल्या मंडळीत बसणार आहात? झोपताना मुलीबरोबर प्रार्थना कोण म्हणणार? उत्तर सासरची मंडळी असं असेल आणि ते मनापासून असेल, तर या वर्षीच तिचा बाप्तिस्मा करा आणि आईला मानाने बोलवा. उत्तर माहेरची मंडळी असेल तर समर्पण करा आणि सासूबाईंना शांतपणे सांगा की नात टाकून दिलेली नाही, तिच्यासाठी वाट पाहिली जातेय. दोन्ही चालेल. सासूबाईंसाठी आत्ता आणि आईसाठी अठराव्या वर्षी परत, हे मात्र चालणार नाही. त्यात मुलगी कुणाचीच राहत नाही. का, ते खाली तिसऱ्या पत्राच्या उत्तरात आहे.

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा आहे आणि स्वतःहून बाप्तिस्मा मागतोय. आमच्या मंडळीत तो कळत्या वयात देतात. पाळक म्हणतात, थांबा, अजून लहान आहे. येशूने स्वतः तिसाव्या वर्षी घेतला असंही ते म्हणाले. किती थांबायचं? – एक वडील

उत्तर : तिसाव्या वर्षाचा दाखला मला पटत नाही. लूक सांगतो की येशूने कार्याला आरंभ केला तेव्हा तो सुमारे ३० वर्षांचा होता. ते त्याच्या कार्याचं वय आहे, आपल्यासाठी घालून दिलेला नियम नव्हे. नाहीतर मंडळीतल्या अर्ध्या तरुणांना परत पाठवावं लागेल. आणि तोच लूक १२ वर्षांच्या येशूला मंदिरात गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारताना दाखवतो, तेही पाळकांना आठवू द्या.

ठरावीक आकडा काही ठिकाणी आहे. लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) आठव्या वर्षी देतात. कॅथलिक कायद्यात सात वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला समज आहे असं धरतात आणि बाप्तिस्म्याच्या तयारीसाठी त्याला मोठ्यांच्या रांगेत बसवतात. बाप्टिस्ट आणि त्यांच्यासारख्या मंडळ्यांत आकडा नाही, स्वतःची कबुली लागते. तुमचे पाळक आकडा शोधताहेत आणि त्यांच्या परंपरेत तो नाही, म्हणून ते अडलेत.

मी वर्गात काय करायचे ते सांगते. 'तुझा येशूवर विश्वास आहे का?' हा प्रश्न अकरा वर्षांच्या मुलाला विचारण्यात अर्थ नाही, समोर मोठं माणूस असलं की उत्तर 'हो' येणार. मी विचारायचे, उद्यापासून तुझं काय बदलेल? एका मुलीला सगळी प्रश्नोत्तरी तोंडपाठ होती, एक शब्द चुकायचा नाही. आत्ताच का, असं विचारल्यावर म्हणाली, सगळ्या मैत्रिणी घेताहेत. तिला पुढच्या वर्षी बोलावलं. दुसरा एक मुलगा होता, त्याला दहा आज्ञा क्रमाने येत नव्हत्या. वर्ग संपल्यावर मागे राहिला आणि विचारलं, 'बाप्तिस्मा घेतला की बाबांना माफ करावंच लागतं का?' त्याचे वडील घर सोडून गेले होते. त्याला मी थांबवलं नाही.

तुमच्या मुलाच्या मनात असा एखादा प्रश्न आहे का ते बघा. असेल तर तो घेऊन तुम्ही दोघं पाळकांकडे जा, तुम्ही गप्प बसा आणि त्याला बोलू द्या. तरीही पाळक थांबा म्हणाले तर तारीख मागा. 'मोठा झालास की' हे उत्तर मुलाला कधीच नको म्हटल्यासारखं ऐकू येतं. 'पुढच्या ईस्टरला, तोपर्यंत मार्कचं शुभवर्तमान माझ्याबरोबर वाच' हे वेगळं. रोमच्या मंडळीची म्हणून ओळखली जाणारी एक जुनी नियमावली तिसऱ्या शतकाच्या आसपासची आहे. तीत नवख्यांना तीन वर्षं शिकवावं असं म्हटलंय, आणि लगेच जोडलंय की माणूस तळमळीचा असेल तर काळ मोजू नका, वागणूक पाहा. त्याच नियमावलीत, आधी मुलांना बाप्तिस्मा द्या, ज्यांना बोलता येतं त्यांनी स्वतः उत्तर द्यावं, ज्यांना येत नाही त्यांच्या वतीने आईबापांनी किंवा नातेवाइकाने, असंही आहे. म्हणजे तान्हं मूल आणि उत्तरं देणारं मूल एकाच रांगेत उभं होतं.

प्रश्न : माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला. आता ३४ व्या वर्षी ज्या मंडळीत जाते तिथे म्हणतात, तो बाप्तिस्माच नव्हे, परत घ्या. घेऊ का?

उत्तर : माझं मत, नको. पण त्यांची बाजू आधी नीट समजून घ्या. त्यांच्या दृष्टीने ते 'परत' देतच नाहीत. विश्वासाशिवाय बाप्तिस्मा होत नाही, बाळाला विश्वास नसतो, म्हणजे तुमचा पहिलाच व्हायचा आहे, असा तो सरळ हिशेब आहे. कुणी नव्या करारातल्या इफिस शहराचा दाखलाही देईल, जिथे सुमारे बारा शिष्यांनी आधीचा बाप्तिस्मा असताना पौलाच्या शिकवणीवरून पुन्हा घेतला. तो आधीचा मात्र येशूच्या आधी लोकांना बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा होता, ख्रिस्ताच्या नावाचा नव्हे.

दुसऱ्या बाजूला फार मोठी परंपरा उभी आहे. मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या सामूहिक कबुलीत, 'एक बाप्तिस्मा' म्हणतो तो शब्द फुकटचा नाही. उत्तर आफ्रिकेत डोनाटस पंथाचे लोक नालायक धर्मगुरूने दिलेला बाप्तिस्मा रद्द धरून परत देत होते, त्यांच्याशी ऑगस्टीन वर्षानुवर्षं भांडला. १९८२ मध्ये लिमा शहरात जागतिक चर्च परिषदेच्या आयोगाने जो मसुदा मान्य केला त्यात स्पष्ट लिहिलंय की बाप्तिस्मा पुन्हा न करण्याची गोष्ट आहे आणि तसा समज होईल असा विधीही टाळावा. कॅथलिक चर्च दुसऱ्या मंडळीत पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा साधारणपणे मान्य करतं. तो झाला की नाही याचीच खरी शंका असेल तर 'तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर' अशी अट घालून देतात.

मला यात जाणवतं ते असं: तुम्ही परत घेतला की तुमच्या आईवडिलांनी तेव्हा जे वचन दिलं आणि पाळलं, ते रद्द ठरतं. त्यांनी ते पाळलं असेल, तर आज तुम्ही विश्वासात आहात याला त्यांचाही हातभार आहे. मंडळीसमोर उभं राहून ते वचन आपल्या तोंडाने पुन्हा उच्चारायला विचारा. बऱ्याच मंडळ्यांत त्याला जागा आहे. ते नाहीच म्हणाले, तर सदस्यत्व महत्त्वाचं की हे, ते तुम्हाला ठरवावं लागेल. (नवरा हे वाचून मान हलवतोय. त्याचं म्हणणं, विसाव्या वर्षी पाण्यातून वर येताना जे कळलं ते आईच्या मांडीवर कसं कळणार? त्याला याच सदरात जागा द्यायला मी तयार आहे. तो लिहीत नाही.)

प्रश्न : नातू दोन दिवसांचा होऊन गेला. बाप्तिस्मा झाला नव्हता. मंडळीतल्या एकीने सुनेला नको ते ऐकवलं. तो कुठे असेल? – एक आजी

उत्तर : आजी, देवाजवळ. ज्यांनी ऐकवलं त्यांना हे दाखवा.

जुन्या करारातल्या दावीद राजाचं बाळ सातव्या दिवशी गेलं; तो जन्मापासूनचा सातवा धरला, तर आठव्या दिवशीच्या सुंतेच्या आधीच. दावीद उठला, अंघोळ केली, देवाच्या घरी गेला आणि म्हणाला, मी त्याच्याकडे जाईन, तो माझ्याकडे परत येणार नाही. बाळाला सुंतेची खूण मिळाली की नाही या काळजीने तो घाबरला असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. ऑगस्टीनने अशा बाळांबद्दल फार कठोर लिहिलं होतं, त्यातून पुढे अधांतरीच्या जागेची, लिंबोची, कल्पना निघाली. पण ती कॅथलिक चर्चची ठाम शिकवण कधीच नव्हती, आणि २००७ मध्ये त्यांच्याच आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणं आहेत असं लिहिलं. आईबापांचा बाप्तिस्मा देण्याचा विचार होता अशा बाळाच्या अंत्यविधीला बिशप परवानगी देऊ शकतो, हेही त्यांच्या कायद्यात आहे. विश्वासाच्या कबुलीनंतरच बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्यांना तर हा प्रश्नच पडत नाही.

सुनेला तारणशास्त्र समजावत बसू नका. बाळाचं नाव ठेवलं होतं ना? ते घेऊन तिच्याबरोबर प्रार्थना करा.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे. आयुष्यभर टाळलं, आता बाप्तिस्मा हवा म्हणतात. हृदयाचा त्रास आहे, पाण्यात बुडवणं डॉक्टरांना पसंत नाही. या वयात चालेल? आणि बुडवल्याशिवाय चालेल?

उत्तर : वरची मर्यादा कुणीच घातलेली नाही. पाण्याचं म्हणाल, तर 'बारा प्रेषितांची शिकवण' या नावाने ओळखलं जाणारं फार जुनं पुस्तक सांगतं: वाहतं पाणी घ्या, ते नसेल तर दुसरं, थंड जमत नसेल तर कोमट, आणि तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. कोमट पाण्याची सोय पहिल्या पिढ्यांनीच करून ठेवली आहे. तुमची मंडळी बुडवण्यावरच अडून बसली तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन पाळकांना भेटा; आजारी माणसासाठी बरेच पाळक वाट काढतात.

वडिलांचा वर्ग घ्यावा लागेल, पण त्यांची शाळकरी मुलासारखी परीक्षा कुणी घेऊ नये. इतकी वर्षं का टाळलं ते त्यांना सांगावंसं वाटलं तर ऐका. नाही सांगितलं तरी चालेल. याच महिन्यातला रविवार ठरवा.